कादंबरीवाचन : नुसती करमणूक?

पुष्कळ सुशिक्षित घरांत पुस्तकांच्या दोन जाती मानण्याचा प्रघात असतो. चरित्र, इतिहास, शास्त्रीय विषयांवरील ग्रंथ ही झाली उपयोगाची पुस्तके. कथा-कादंबऱ्या आगगाडीत किंवा दुपारी डोळा लागेपर्यंत चाळावयाच्या. परीक्षेच्या वर्षी मुलाच्या उशाखाली कादंबरी सापडली म्हणजे घरात मोठा गहजब होतो. जे घडलेच नाही ते वाचून पदरात काय पडणार, असा वडील माणसांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मराठी वाचकास दूर शोधावयास नको. विधवांच्या प्रश्नावर मराठीत जे लेखन झाले, त्याच्या इतिहासातच ते सापडते.

हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास १८५६ साली कायद्याची मान्यता मिळाली. त्यानंतर महाराष्ट्रात ह्या विषयावर बोलणारांची व लिहिणारांची उणीव नव्हती. १८७० साली पुण्यास शंकराचार्यांपुढे दोन्ही पक्षांचा शास्त्रार्थ झाला. १८८८ साली निघालेल्या ‘सुधारक’ पत्रातून गोपाळ गणेश आगरकरांनी बालविवाह, केशवपन इत्यादी रूढींवर सडेतोड निबंध लिहिले. बुद्धीस पटविण्यासारखे जे होते, ते बहुतेक सारे सांगून झाले होते. तरीही घराघरांतून केशवपन चालूच राहिले.

ह्याचे एक कारण निबंधाच्या स्वरूपातच आहे. युक्तिवादास प्रतियुक्तिवाद सुचतो. एका वचनापुढे दुसरे वचन ठेवता येते, आणि ते न साधले तर वर्तमानपत्राची घडी घालून जेवावयास उठता येते. शिवाय निबंधातली विधवा ही केवळ ‘विधवा’ असते. तिला नाव नसते, माहेर नसते, लहानपणीचा हट्ट नसतो.

१८९० साली हरि नारायण आपटे ह्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८९३ साली ती पुस्तकरूपाने निघाली. तीत यमू आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगते. वाचक तिला प्रथम भेटतो तो लहान मुलगी म्हणून. पुढे तिचे लग्न होते, पती तिला लिहावाचावयास शिकवितो, मुंबईच्या बिऱ्हाडात थोडे दिवस सुखाचे जातात. मग अकाली वैधव्य येते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. ह्यात आगरकरांनी न सांगितलेला नवा मुद्दा शोधू गेल्यास फारसा हाती लागत नाही. फरक एवढाच, की तोवर आठवड्यामागून आठवडे वाचक यमूच्या सहवासात राहिलेला असतो. आता प्रतिवाद करावयाचा तरी कोणाशी? यमू काही मुद्दा मांडीत नाही; ती आपली कहाणी सांगते. आणि पुस्तक मिटून वर पाहिले, तर तशीच एखादी यमू स्वतःच्या माजघरात बसलेली दिसण्याचा संभव असे.

परंतु एवढ्याने निबंधाचे काम संपले असे मात्र नव्हे. कादंबरी वाचून डोळ्यांत पाणी आले म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे समजणारा वाचक स्वतःचीच फसवणूक करून घेतो. शिवाय काही गोष्टी अश्रूंना दिसतच नाहीत. १८५६ च्या त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमान्वये, पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येत असे. एका हाताने दिलेल्या मोकळिकीची किंमत कायदा दुसऱ्या हाताने वसूल करीत होता! तो कायदा १९८३ साली रद्द झाला. पण त्यातील ही मेख ज्याने कलमे वाचली त्यालाच कळावयाची. यमूसाठी हळहळणाऱ्याला ती ठाऊक नसेल, तर त्याची हळहळ यमूच्या फारशी उपयोगी पडत नाही.

त्या काळच्या ह्या दोन थोर लेखकांनी स्वतः अशी जातिव्यवस्था पाळली नाही. तर्ककठोर आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ ह्या नावाने १८८३ साली मराठीत आणले, आणि त्यावर विस्तृत टीका लिहिली ती तरुण हरिभाऊंनी. निबंधकार नाटकात रमत होता आणि भावी कादंबरीकार टीकेची लेखणी चालवीत होता.

सर्वच कादंबऱ्या वाचनीय असतात असे नाही, हे खरे. पण सर्वच इतिहासग्रंथ तरी विश्वसनीय कोठे असतात? निवड दोहींकडे करावीच लागते. म्हणून मुलाच्या उशाखाली कादंबरी सापडली, तर ती काढून घेण्यापूर्वी वडिलांनी स्वतः वाचून पाहावी. ती चांगली निघाली, तर मुलास खुशाल पुरी करू द्यावी, आणि मग त्याच विषयावरील एखादा सडेतोड निबंध त्याच्या हाती ठेवावा.