पोकळ झाडाचे आयुष्य



कोकणातून आलेल्या आम्हां लोकांना म्हातारे झाड म्हटले की वड आठवतो. वडाचे एक बरे असते. पारंब्या जमिनीत रुजल्या की मूळ खोड गेले तरी चालते. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या बागेतल्या वडाचे कुजलेले मुख्य खोड १९२५ साली काढून टाकले, तरी झाड आजही उभे आहे.

इथल्या ओकला पारंब्या नाहीत. मग मँचेस्टरच्या दक्षिणेला, चेशायरमधल्या मार्टन गावचा ओक आतून पोकळ होऊन, खोडाचे भाग अलग होऊनही दरवर्षी पालवतो कसा? कारण झाडाचा जीव गाभ्यात नसतो. तो सालीखालच्या पातळ थरात आणि त्यालगतच्या लाकडात असतो. गाभा मेलेलाच, बुरशीने तो खाल्ला तरी पाणी वर चढत राहते. आपण शनवार तेल्यांची लेकरे. कोरलेल्या खोडात लाट फिरवून आपल्या पूर्वजांनी तेल गाळले. भिंत जाड असली की पोकळ लाकूड किती भार सोसते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या ॲलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात मांडले की झाड कुजलेल्या भागाभोवती आतून बांध घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. पूर्वी पोकळी खरवडून सिमेंट भरत, कापलेल्या जागी डांबर फाशीत. ते आता बंद झाले आणि बरेच झाले. खरवडताना तो बांधच फुटत असे.

आताचे जाणकार हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकतात. शंका आली तर सुईसारख्या बारीक ड्रिलने भिंतीची जाडी मोजतात. मग शेंडा थोडा उतरवतात, म्हणजे वाऱ्याचा जोर कमी लागतो. तेही काही वर्षांच्या अंतराने, कारण सगळी पाने एकदम काढली तर म्हातारे झाड खाणार काय? डनहॅम मॅसीच्या हरणांच्या बागेत तर वठलेले लाकूड मुद्दाम राहू देतात. पाहुण्यांना तो गबाळेपणा वाटतो, पण दुर्मिळ भुंगेरे त्यावरच जगतात.

सगळीच झाडे वाचतात असे नाही. गिरण्यांच्या धुराला दाद न देणारे इथले काळे पॉप्लर २००० सालानंतर बुरशीच्या रोगाने मोठ्या संख्येने गेले. रस्त्यालगतचे झाड कोणाच्या अंगावर पडेल, ही भीतीही खोटी नव्हे. पण गल्लीतले पोकळ झाड पाडा म्हणून कौन्सिलकडे अर्ज निघाला, की सही करण्याआधी आम्ही एवढेच विचारतो: भिंत किती जाड आहे, ते कोणी मोजले का?