सगळ्यांचा बेस्ट फ्रेंड राहुलच कसा?
(विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



"आपली शाळा आणि इंग्रजी" या विषयावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा घरी सगळे हसले. कारण पीयूसीच्या पहिल्या वर्षी या इंग्रजीनं मला किती रडवलंय, ते आमच्या आईला चांगलं ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करते.

पॉलिटिकल सायन्सचा तास होता. मॅडमनी मला उभं केलं आणि पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगितला. दुसऱ्याच ओळीत एक लांबलचक शब्द आला. मी वाचलं, "सोव्हरेग्निटी." सगळा वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "सॉव्हरिन्टी. त्यातला जी म्हणायचा नाही." मी खाली बसले आणि पुढचे दोन महिने त्या तासाला मागच्या बाकावर बसत होते.

आता गंमत बघा. त्या शब्दाचा अर्थ मला येत होता. सार्वभौमत्व! आठवीपासून मी बाबांच्या पेपरातले अग्रलेख वाचत होते. सार्वभौमत्व म्हणजे काय, राज्य आणि केंद्राचे अधिकार कुठले, यावर मराठीत विचारलं असतं तर मी दहा मिनिटं बोलले असते. आपल्या भागात हे विषय जेवणाच्या ताटावरच असतात की. म्हणजे मला विषय येत होता, पण तो ज्या अक्षरांत छापला होता ती अक्षरं वाचता येत नव्हती. आणि दहावीला इंग्रजीत मला शंभरपैकी ७८ मार्क होते!

मग हे ७८ आले कुठून? याचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं.

गेल्या वर्षीपासून मी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. पहिल्या आठवड्यात सहावी-सातवीच्या नऊ मुलांना "माय बेस्ट फ्रेंड" लिहायला सांगितलं. दहा मिनिटांत नऊ वह्या आल्या. नऊच्या नऊ वह्यांत बेस्ट फ्रेंडचं नाव राहुल! त्याचे वडील डॉक्टर, आई टीचर आणि तो रोज सकाळी लवकर उठतो. आमच्या अख्ख्या गल्लीत राहुल नावाचा एकही मुलगा नाही. मी विचारलं, "कोण रे हा राहुल?" एक जण म्हणाला, "ताई, गाईडात आहे की."

हसू नका, माझ्याही वहीत तोच होता. गाईडातलं पाठ करायचं, पेपरात उतरवायचं. अक्षर चांगलं असलं की मार्क मिळतात. दहा वर्षं आपण इंग्रजी उतरवून काढतो. त्याला लिहिणं म्हणतात खरं, पण त्यात आपलं एक वाक्य नसतं.

शाळेत इंग्रजी उशिरा सुरू होतं म्हणून असं होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कर्नाटकातल्या सरकारी शाळांत २००७-०८ पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. महाराष्ट्रात तर २००० पासून आहे. तरी काय झालं? 'असर' नावाची देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी होते. तिच्या २०२२च्या अहवालात पाचवीतल्या मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांनाच इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली. २०१६ला सुद्धा जवळजवळ एवढीच होती. आठवीत ४७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आठ वर्षं शिकूनही निम्मी मुलं "व्हॉट इज द टाइम" एवढं वाचताना अडतात. इंग्रजी कधी सुरू केलं, एवढं बघून चालणार नाही. कुठल्या वर्षी काय शिकवलं, ते बघावं लागेल.

आपण मराठी वाचायला कसं शिकलो ते आठवा. क म्हणजे क. कमळातला, मकरातला, एकातला क सारखाच. कन्नडचंही तसंच. लिपी वेगळी, पण क ख ग घ हा क्रम तोच. म्हणून आपली मुलं दुसरी लिपी पटकन उचलतात. इंग्रजीत मात्र अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा. सी, ए, टी असं ओरडून म्हटलं तर त्यातून 'सीएटी' ऐकू येतं, 'कॅट' येत नाही. सीएच ही जोडी 'चेअर'मध्ये च होते, 'स्कूल'मध्ये क आणि 'मशीन'मध्ये श! अक्षरं २६ आणि आवाज चाळीसच्या वर. हे कुणी समजावून सांगितलंच नाही तर मूल काय करणार? चित्र लक्षात ठेवावं तसा एकेक शब्द लक्षात ठेवणार. चौथीपर्यंत ते जमतं. पुढं 'सॉव्हरिन्टी' येते आणि ते मूल माझ्यासारखं मागच्या बाकावर जातं.

इथं एक गोष्ट मला मुलांकडूनच कळली. 'गेट' म्हणजे फाटक आणि 'गेट' म्हणजे मिळवणं, मराठीत आपण दोन्ही सारखंच लिहितो. 'पेन' लिहायचा आणि 'पेन' दुखण्याचा, तेही सारखंच. पण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन वेगळी अक्षरं आहेत. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे मित्र कन्नड बोलणारे. त्याला हा फरक ऐकल्याबरोबर कळला. "ताई, हा आखूड ए, तो लांब ए," म्हणाला. तीन भाषांचं ओझं, तीन भाषांचं ओझं, असं आपण सारखं म्हणतो आणि ओझं आहेच. पण तीन भाषा ऐकून तयार झालेला कानही आपल्याच मुलांकडे आहे. त्या कानाचा शाळेत कुणी उपयोग करत नाही.

आता पालकांचं. आमच्या शेजारच्या काकूंनी धाकट्याला इंग्रजी माध्यमात घातलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मराठी शाळेत घालून काय करू गे? उद्या इंग्लिश येत नाही म्हणून त्याला कोण विचारणार?" त्यांना मी काय उत्तर देऊ? माझंच उदाहरण त्यांनी बघितलंय. पण तो धाकटा आता तिसरीत आहे. इंग्रजी धडा घडाघडा वाचतो. अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे बघतो. घरात त्या भाषेचा एक शब्द कुणी बोलत नाही, तर त्याला अर्थ कुठून कळणार? आणि मराठी पेपर हातात दिला तर जोडाक्षराला अडतो. म्हणजे मला अर्थ येत होता आणि वाचता येत नव्हतं. त्याला वाचता येतं पण अर्थ येत नाही.

जीन चॉल नावाच्या अमेरिकन अभ्यासक होत्या. त्यांनी सांगितलं की साधारण तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि चौथीपासून वाचून शिकतं. कॅनडातले जिम कमिन्स यांचं म्हणणं असं की एका भाषेत वाचायची जी समज येते, ती दुसऱ्या भाषेत कामाला येते. अंदाज बांधणं, मुद्दा पकडणं, न समजलेल्या ओळीवर थांबून मागं जाणं, हे सगळं मूल एकदाच शिकतं. ते कुठल्या भाषेत शिकणार? जी घरात ऐकतं, त्याच भाषेत ना! प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं राज्यघटनेच्या कलम ३५० क मध्ये म्हटलंय. हे कलम आपण निवेदनांत नेहमी लिहितो. पण चांगलं इंग्रजी येण्यासाठीसुद्धा तेच हवं, हे पालकांना आपण सांगत नाही.

मग वर्षवार काय करायचं? आमच्या खोलीत आम्ही जे करून बघतोय ते सांगते.

पहिली-दुसरीला इंग्रजी कानानं आणि तोंडानं. गाणी, सूचना, खेळ. "कम हिअर, ओपन द डोअर." एबीसीडी शंभर वेळा लिहायला लावायची नाही. या दोन वर्षांत मराठी वाचन मात्र पक्कं झालंच पाहिजे. तिसरी-चौथीला अक्षरांचे आवाज. कॅट, बॅट, मॅट असे शब्द फोडायचे, जोडायचे. आपल्या बाराखडीसारखाच खेळ होतो, मुलांना आवडतो. पाचवी ते सातवी छोट्या गोष्टी वाचायच्या आणि काय वाचलं ते मराठीत सांगायचं. मराठीत सांगायला लाजायचं कारण नाही. समजलं की नाही, ते तिथंच कळतं. आणि रोज स्वतःची दोन वाक्यं लिहायची. चुकली तरी चालतील. आठवी ते दहावी परिच्छेद, अर्ज, बातमीचा सारांश. विज्ञानातला 'प्रकाशसंश्लेषण' आला की शेजारी 'फोटोसिंथेसिस' लिहायचा, वाचायचा, फोडायचा. हे केलं असतं तर पीयूसीला जाताना आपल्यातले अर्धे जण घाबरले नसते.

हे आपल्याला कशासाठी पाहिजे? नोकरीसाठी पाहिजेच. पण १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल इंग्रजीत आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचं कामकाज इंग्रजीत चालतं. आपल्याबद्दल जे लिहिलंय ते आपल्यातल्या किती जणांनी मूळ वाचलंय? मी स्वतः गेल्या वर्षापर्यंत एक पानही वाचलं नव्हतं. दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून भाषणं करत होते.

शाळेतल्या गुरुजी-बाईंना मी दोष देत नाही. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की काकूंसारखे आणखी पालक मुलं काढतात. हे चक्र आपल्या डोळ्यांदेखत चाललंय. इथं बसलेल्या प्रत्येकानं आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या, गावातल्या मुलांना दिल्या तर ते कुठं तरी अडवता येईल. त्याला मोठी डिग्री लागत नाही. मराठी गोष्टीचं एक पुस्तक, इंग्रजी गोष्टीचं एक पुस्तक आणि खडू. गाईड मात्र दाराबाहेर.

परवा सहावीतल्या एका मुलीनं तिच्या म्हशीवर लिहून आणलं. तिचं आहे तसंच वाचून दाखवते. "अवर बफेलो इज ब्लॅक. शी नॉट लाइक रेन. माय ग्रँडमदर टॉक हर इन मराठी. माय अंकल टॉक हर इन कन्नड. शी अंडरस्टँड बोथ."

वही देऊन ती विचारते, "ताई, किती चुका?" मी म्हटलं, "आज एकच सांगते. 'डझ नॉट लाइक' म्हणायचं. बाकीचं पुढच्या आठवड्यात. पण म्हशीला इंग्रजी कळतं काय?" ती म्हणाली, "अजून नाही. शिकवालोय."

आमचा वर्ग बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहाला असतो. ज्यांना आपापल्या गावात असं सुरू करायचंय, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा. आपण एकत्र बसून वेळापत्रक करू.