पेशीतला हमाल



कामगार चळवळीतल्या माणसाने जीवनसत्त्वावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु फोलेटचा माग प्रथम लागला तो मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तात. म्हणून हा विषय आमचा.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. गिरणीतल्या गरोदर बायकांना जबर रक्तक्षय होई. तांबड्या पेशी थोड्या, आणि आकाराने भलत्याच मोठ्या. विल्सबाईंची नजर त्यांच्या निकृष्ट आहारावर गेली. यीस्टचा स्वस्त अर्क देताच बायका सुधारल्या. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली ते द्रव्य पालकाच्या पानांत सापडले, आणि पानावरूनच त्याचे नाव पडले. १९४५ साली अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले यल्लप्रगडा सुब्बाराव.

हे द्रव्य करते काय? आम्ही त्याला पेशीतला हमाल म्हणतो. त्याचे ओझे एकच : कार्बनचा एक अणू. सेरीन या अमिनो आम्लाचे ग्लायसीन होते, तेव्हा सुटलेला कार्बन तो उचलतो आणि डीएनए घडते तिथे पोहोचवतो. हिस्टिडीन मोडताना निघणारा तुकडाही तोच उचलतो. तो गैरहजर असेल, तर अर्धवट मोडलेला माल लघवीवाटे बाहेर पडतो. डीएनए अपुरे पडले की पेशी फुगते, पण दुभागत नाही. विल्सबाईंनी पाहिलेल्या मोठ्या पेशी त्या याच!

आता निगडीत या. पहाटे चाकणची बस धरणाऱ्या बाईच्या डब्यात पालेभाजी किती वेळा असते? असलीच, तर उकळून पाणी ओतून दिले की फोलेटही त्याबरोबर जाते. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल आणि लोह असलेली गोळी मिळते. ती जरूर घ्यावी. परंतु बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणजे तयारी आधीपासूनच हवी.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली आणखी एक ओळ लिहा. कँटीनच्या ताटात रोज पालेभाजी आणि कडधान्याची उसळ. गिरणीतल्या त्या बायकांचे ऋण फेडण्याची सुरुवात तिथून होईल.