हरलेल्या पोराला पुढचा रविवार

(तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला शाळांची बुद्धिबळ लीग कशी चालवायची यावर बोलायला सांगितलंय. मी काही मोठा खेळाडू नाही. मंगरूळपीरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लीग तिथूनच सुरू झाली, कारण वेळापत्रक छापायला पैसे पडत नव्हते. त्यामुळे माझ्या बोलण्यात डावपेच कमी आणि हिशेब जास्त निघेल.

पहिला हिशेब हा. तीस मुलं घ्या आणि बाद पद्धतीची स्पर्धा ठेवा. एकूण डाव किती होतील? एकोणतीस. दर डावाला एक जण घरी जातो, शेवटी एक उरतो. जवळपास निम्मी पोरं एक डाव हरून, आलूबोंडा खाऊन परत. आता तीच तीस मुलं सहा शाळांच्या पाच-पाच जणांच्या संघांत वाटा. प्रत्येक शाळा दुसऱ्या प्रत्येक शाळेशी दोनदा खेळेल, एकदा आपल्या गावी, एकदा त्यांच्या गावी. तीस लढती, प्रत्येक लढतीत पाच पट, म्हणजे दीडशे डाव. प्रत्येक पोराच्या वाट्याला दहा. जो पहिले पाच हरला त्यालाही दहाच.

बुद्धिबळाच्या बऱ्याच स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, तिथे कुणी बाद होत नाही, हे मला माहीत आहे. पण त्याही एक-दोन दिवसांत उरकतात. आपल्या समाजात एका दिवसाच्या कार्यक्रमांची काही कमी नाही. निबंध, किरात, क्विझ, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी. ट्रॉफी, फोटो, स्टेटस, संपलं. हरलेल्या पोराला पुढचा रविवार मिळत नाही. लीग म्हणजे तो पुढचा रविवार.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. तालुके सहा: वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. म्हणून संघही सहाच ठेवले, दर तालुक्यातून एक शाळा, तीन उर्दू आणि तीन मराठी माध्यमाच्या. वेळापत्रकाला सॉफ्टवेअर लागत नाही. सहा चिठ्ठ्या तीन-तीनच्या दोन ओळींत मांडा. समोरासमोरची जोडी त्या रविवारी खेळणार. पुढच्या रविवारी एक चिठ्ठी जागच्या जागी ठेवायची आणि बाकीच्या पाच एकेक घर सरकवायच्या. पाच रविवारांत सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते. एखादा संघ गळाला तरी घाबरू नका, त्याच्या जागी कोरी चिठ्ठी ठेवा; जिच्यासमोर ती येईल त्या शाळेला त्या दिवशी सुट्टी.

रविवारच का? उर्दू शाळांची शुक्रवारी सकाळची शाळा, मराठी शाळांची शनिवारी. दोघांना मोकळा एकच वार. पण रविवारही सगळे सारखे नसतात. सोयाबीनच्या सोंगणीत आपली पोरं शेतात असतात, पटावर नाही. म्हणून पहिल्या पाच फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि परतीच्या पाच दिवाळीनंतर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, परीक्षा मात्र जिथल्या तिथे असतात. कॅलेंडर घेऊन बसल्याशिवाय तारखा जाहीर करू नका.

सामान थोडकं लागतं. रेक्झिनचे गुंडाळायचे पट, प्लास्टिकच्या सोंगट्या, डाव लिहायला कागद. डिजिटल घड्याळं महाग पडतात. सुरुवातीला मोबाईलवरच्या घड्याळाने भागतं. खरा खर्च प्रवासाचा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मोठ्या मुलींना नेणं मोठ्या मुलांना नेण्यापेक्षा स्वस्त पडतं. मुख्याध्यापकांना हे आकडे लिहून दाखवा. ऐकतात.

मुलींवरून सगळ्यात जास्त वाद झाला. नियम असा केला की पाचांत किमान दोन मुली हव्यात. नसतील तर ते पट रिकामे राहतील आणि गुण समोरच्या शाळेला. एका शाळेचे सर म्हणाले, आमच्या मुली तयार होत नाहीत. ठीक आहे म्हटलं. दोन रविवार त्यांचा संघ खेळ सुरू होण्याआधीच दोन गुणांनी मागे होता. तिसऱ्या रविवारी दोन मुली आल्या.

त्यातली एक सातवीतली. मोहरे कसे चालतात हे आठवड्यापूर्वी शिकलेली. तीन डाव सपाटून हरली. चौथ्या डावात समोरच्या मुलाकडे वजीर होता आणि हिच्याकडे एकटा राजा. पोरगा जिंकल्याच्या आनंदात होता. हिने हात वर केला आणि पंचांना म्हणाली, "सर, माझ्या राजाला शह नाही, पण जायला जागाच नाही." पंचांनी पट पाहिला आणि बरोबरी दिली. पोरगा रडला. तिचा पहिला अर्धा गुण.

तिची शाळा आठवीपर्यंतच. आपल्या कितीतरी गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढची शाळा तालुक्याच्या गावी असते. मुलगी तिथे गळते. आई-बाप शिक्षणाच्या विरोधात असतात असं नाही. ती शाळा त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. या मुलीचे वडील तिच्यासोबत दोनदा बाहेरगावच्या लढतीला आले होते. परतीची एसटी किती वाजता लागते, स्टँडपासून फाटक किती लांब, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, शिपाई कोण, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. एका हायस्कूलच्या व्हरांड्यात दोन रविवार बसून चहा प्यायले होते. जूनमध्ये तिचं नाव त्याच हायस्कूलमध्ये नववीला घातलं. सगळ्याच मुलींचं असं झालं नाही. पण सगळ्या लढती एकाच हॉलमध्ये घेऊन प्रवास वाचवा असं मला कुणी सुचवतं, तेव्हा मी नाही म्हणतो ते याच्यासाठी.

नियमांबद्दल थोडं. गावात चहाच्या टपरीवर बसणारे चाचा-काका पोरांना देशी डाव शिकवतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजा एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो. लीगला किल्लेकोट आणि प्याद्याची दोन घरं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियम. पण त्या चाचांना चूक म्हणू नका. पंजाबचे सुलतान खान लहानपणी वडिलांकडून देशी डावच शिकले. विलायती नियम त्यांनी मोठेपणी, १९२६ च्या सुमारास शिकून घेतले आणि १९२९ साली लंडनला जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. पुन्हा १९३२ आणि १९३३ ला. माजी जगज्जेता कापाब्लांकाला हेस्टिंग्जमध्ये हरवलं. ते ज्यांच्या पदरी नोकर होते, त्याच घरात कामाला असलेल्या फातिमा १९३३ ला ब्रिटनच्या महिला विजेत्या झाल्या. दोघांची नावं आपल्या पोरांना माहीत नाहीत, हे मला खटकतं. सुलतान खान १९३३ च्या अखेरीस मायदेशी परतले. १९३५ मध्ये खाडिलकरांशी दहा डाव खेळले, त्यात फक्त एक बरोबरी दिली. त्यानंतर बुद्धिबळाच्या जगाला ते जवळजवळ दिसलेच नाहीत. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ मध्ये; ते १९६६ लाच वारले होते. त्यांना दर रविवारी समोर बसणारं कुणी मिळालं असतं तर? मला राहून राहून वाटतं.

आता तुमच्या मनात असलेला प्रश्न. काही घरांतून विचारणा झालीच: शतरंज जायज आहे का? मी मुफ्ती नाही. फिकहमध्ये मतभेद जुने आहेत. हनफी मत कडक आहे, इमाम शाफईंचं मत त्या मानाने सौम्य, जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर. आम्ही वाद घातला नाही, लीगच तशी बांधली. प्रवेश फी नाही, रोख बक्षीस नाही, आणि जोहरच्या वेळी घड्याळं थांबतात. एका वडिलांनी तरीही नाही म्हटलं. त्यांचा मान ठेवला, पुन्हा विचारायला गेलो नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. उर्दू शाळा विरुद्ध मराठी शाळा अशी लढत लागली की खिडकीत उभी असलेली मोठी माणसं तिला भलताच सामना करून टाकतात. एका ठिकाणी ऐकू येऊ नये ते मुलांच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून मोठी माणसं हॉलबाहेर, पालकही, पाहुणेही. आणि डाव संपल्यावर दहा मिनिटं दोघांनी मिळून तोच डाव परत मांडायचा, कुठे काय चुकलं ते एकमेकांना सांगायचं. हे सक्तीचं. सुरुवातीला पोरं गप्प बसायची. मग लक्षात आलं की भाषेची अडचण फारशी नाहीच. वजीर तुमचाही वजीर, आमचाही वजीर. प्यादं, शह, मात, सगळे शब्द दोन्हीकडे तेच. मराठी पोरांना हे फारसीतून-अरबीतून आलेत हे सांगितलं तर त्यांना नवल वाटतं, आणि उर्दू पोरांना मराठी पोरं हेच शब्द बोलतात याचं. आता दोन वेगळ्या शाळांतली पोरं रात्री मोबाईलवर लिचेसवर खेळतात. ते फुकट आहे. किती वाजेपर्यंत खेळतात हे त्यांच्या आयांना विचारा.

कधीकधी कुणी विचारतं, यातून दिव्या देशमुख निघेल का? नागपूरची ही मुलगी जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. निघाली तर आनंदच आहे. चांगलं खेळणाऱ्या पोराला आम्ही क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धेत पाठवतो. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग, असा तो रस्ता आहे. पण लीग पाचव्या पटावरच्या पोरासाठी आहे.

तर मला तुमच्याकडून भाषण नको, माणसं हवीत. पंच म्हणून सहा जण, दर रविवारी सकाळी नऊ ते दोन. हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते, हे रडणाऱ्या पोराला न ओरडता सांगता आलं पाहिजे. मुलींच्या संघासोबत एसटीने जाणाऱ्या दोघी-तिघी ताई हव्यात. मानोऱ्याकडचं अजून कुणीच नाही. वही इथे टेबलावर ठेवली आहे. नाव, मोबाईल नंबर आणि कोणता रविवार जमणार नाही तेवढं लिहा.