रानाचे राखणदार

१७ सप्टेंबर २०२२ रोजी आठ चित्ते घेऊन आलेले एक विमान ग्वाल्हेरच्या विमानतळावर उतरले आणि तेथून ते प्राणी कुनोच्या अरण्यात नेण्यात आले, ही गोष्ट श्रोत्यांच्या स्मरणात असेलच. ते पाहुणे ज्या देशातून आले तो नामिबिया देश आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वसलेला आहे. विस्ताराने तो महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. लोकवस्ती मात्र अवघी तीस लाखांच्या आसपास. वन्य प्राणी कोणाच्या बळावर जगतात, या प्रश्नाचे जे उत्तर या देशातील गरीब पशुपालकांनी गेल्या चाळीस वर्षांत शोधले, ते जाणून घेण्याजोगे आहे.

नामिबियाच्या उत्तरेस एटोशा नावाचे प्रसिद्ध अभयारण्य आहे. १९०७ साली, जर्मन अमदानीत, त्याची स्थापना झाली. एके काळी त्याची हद्द पश्चिमेस थेट समुद्रापर्यंत पोहोचली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वंशभेदी राजवटीत ती आकुंचित करण्यात आली आणि पश्चिमेकडील उजाड, डोंगराळ प्रदेश हेरेरो, हिंबा, दामारा इत्यादी जमातींच्या वाट्याला आला. त्या मुलुखात पाऊस अत्यल्प. तरीही वाळवंटी जीवनास सरावलेले हत्ती, काळे गेंडे, सिंह आणि जिराफ तेथील कोरड्या नद्यांच्या पात्रांतून वावरत असत. जनावरे रानात राहिली, पण त्यांच्यावर माणसांचा हक्क मात्र कायद्याने विलक्षण रीतीने वाटला गेला. १९७५ च्या कायद्याप्रमाणे गोऱ्या जमीनदाराला आपल्या शेतावरील कित्येक जातींच्या वन्य प्राण्यांचा उपयोग करण्याची मुभा होती; काळ्या पशुपालकाने मात्र पोटासाठी एक हरिण मारले, तरी तो गुन्हेगार ठरे.

जे धन आपले नाही ते कोण राखणार? १९८० च्या सुमारास या प्रदेशावर भीषण दुष्काळ कोसळला. पशुपालकांची बहुसंख्य गुरे मृत्युमुखी पडली. भुकेल्या माणसाने बंदुकीचा आश्रय घेतला, आणि हस्तिदंत व गेंड्याचे शिंग विकत घेणारे व्यापारी टपलेलेच होते. शिकारीत सरकारी अधिकारी आणि सैनिकही मागे नव्हते. म्हणजे कुंपणानेच शेत खाण्यास आरंभ केला होता. हा सारा प्राणिसमूह लवकरच नामशेष होईल, असे चिन्ह दिसू लागले.

अशा वेळी गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या वनसंरक्षकाने एक साधा मार्ग अवलंबिला. पहारेकऱ्यांची सशस्त्र पलटण उभारण्याऐवजी तो गावप्रमुखांच्या शेकोटीपाशी जाऊन बसला आणि त्यांनाच विचारू लागला की, ही जनावरे नाहीशी झाली तर तुम्हाला चालेल काय? वाडवडिलांच्या काळापासून ज्यांच्या सहवासात आपण वाढलो ती आपल्या नातवंडांना दिसू नयेत, हे त्या वृद्धांनाही रुचत नव्हते. हेरेरो प्रमुख जोशुआ कांगोंबे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आपल्या माणसांतूनच राखणदार निवडून दिले. ही निवड गावाने केली आणि राखणदार गावालाच जबाबदार राहिला, हे या योजनेचे मर्म होय. त्याच्या हाती बंदूक नव्हती. मोबदला म्हणून थोडा शिधा आणि अल्पशी रोकड मिळे. पायी हिंडावे, माग काढावा, परका मनुष्य दिसल्यास चौकशी करावी आणि पाहिलेले सारे ध्यानात ठेवून सांगावे, एवढेच त्याचे काम. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, ही म्हण तेथेही खरी ठरली. कारण पूर्वी शिकारीत मुरलेल्या माणसांचे ज्ञान आता रक्षणाच्या उपयोगी पडले. ज्या गावात पूर्वी शिकाऱ्याला आसरा मिळे, तेथेच त्याच्यावर नजर राहू लागली. चोरटी शिकार झपाट्याने ओसरली. ओवेन-स्मिथ आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट जेकबसन यांना १९९३ साली गोल्डमन पारितोषिक देण्यात आले.

परंतु केवळ सद्भावनेवर किती काळ राखण होणार? २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला आणि १९९६ साली त्याने कायद्यात दुरुस्ती करून जुना अन्याय दूर केला. गोऱ्या जमीनदारांना जो हक्क होता तोच आता सामूहिक जमिनीवर राहणाऱ्यांनाही मिळू शकला. अट अशी की, त्यांनी आपली हद्द ठरवावी, सभासदांची नोंद करावी, समिती निवडावी, घटना लिहावी आणि मिळकतीच्या वाटपाची योजना आखावी. अशी पहिली चार संरक्षणक्षेत्रे १९९८ साली स्थापन झाली. आज त्यांची संख्या ८६ असून देशाच्या एक-पंचमांशाहून अधिक भूमी त्यांच्या व्यवस्थेखाली आहे. पर्यटकांची निवासस्थाने, वाटाड्यांच्या नोकऱ्या, मांसाचा वाटा अशा वाटांनी काही लाभ गावात येतो. राखणदार आपली घटनावही स्वहस्ते भरतो: कोणते जनावर दिसले, कोठे नुकसान झाले, कोठे फासा सापडला. ती वही गावातच राहते. आपल्या रानाचा हिशेब गाव स्वतः वाचू शकते.

याचा अर्थ सारे आलबेल आहे, असा मात्र नव्हे. शिकारीचे परवाने परदेशी धनिकांना विकून बराच पैसा उभा केला जातो, आणि प्राणी वाचविण्यासाठी प्राणी मारावा काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पर्यटनाचा आधारही किती ठिसूळ आहे, ते २०२० साली महामारीने दाखविले. निवासस्थाने ओस पडली आणि राखणदारांच्या वेतनासाठी बाहेरून मदत आणावी लागली. त्याच वर्षी ओवेन-स्मिथ यांचे निधन झाले. शिंगाचा लोभही सरलेला नाही. २०२२ साली खुद्द एटोशाच्या संरक्षित हद्दीत अनेक गेंडे मारले गेले.

सर्वांत बिकट प्रश्न निराळाच आहे. जिराफ पाहून पर्यटक आनंदित होतो आणि घरी परततो. रात्री मात्र सिंह येतो तो गोठ्यात, आणि सकाळी मेलेली गाय पाहतो तो पशुपालक. पाण्याच्या टाकीची नासधूस हत्ती करतो. ती पुन्हा बांधावी लागते त्या बाईला, जिला पाणी दुरून आणावे लागते. भरपाई मिळते, पण ती नुकसानीएवढी क्वचितच असते. सिंहाची कीर्ती साऱ्या जगाची आणि सिंहाचा खर्च एका कुटुंबाचा, अशी ही वाटणी आहे. ती जोपर्यंत न्याय्य होत नाही, तोपर्यंत कोणत्याही गावाची निष्ठा गृहीत धरता येणार नाही.

नामिबियाच्या पशुपालकांनी सिद्ध केले ते एवढेच की, रानाशेजारी राहणारा मनुष्य हा रानाचा जन्मजात वैरी नसतो. त्याला चोर म्हणून वागविले तर तो चोरासारखा वागेल. धनी म्हणून वागविले तर रात्री जागून राखण करील. मात्र धनीपण त्याला द्यायचे, तर त्या धनातला वाटाही त्याच्या घरी पोहोचला पाहिजे.