खारीचे देशांतर

खार म्हटली की आपल्याला सेतुबंधनाची कथा आणि ‘खारीचा वाटा’ आठवतो. आज सांगायची आहे ती मात्र एका करड्या, भल्या मोठ्या खारीची गोष्ट.

ही खार मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. १८७६ साली इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात एका धनिकाने आपल्या बागेची शोभा म्हणून ती सोडली. मग इतर जमीनदारांनाही हौस सुटली. १९११ साली ती आयर्लंडमध्ये पोहोचली आणि १९४८ साली इटलीत, तुरीनजवळ.

तिथे आधीपासून तांबडी खार नांदत होती. करडी अंगाने थोराड. ओकची फळे तिला अधिक चांगली पचतात. शिवाय ब्रिटन-आयर्लंडमधल्या करड्या खारी देवीसारख्या रोगाचा विषाणू बाळगून असतात. त्यांना त्याने सहसा काही होत नाही. तांबडी मात्र बहुधा दोन-तीन आठवड्यांत दगावते. १९३७ साली ब्रिटनने करडी खार आणण्या-पाळण्यावर बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. आज तिथे करड्या पंचवीस लाखांहून अधिक आणि तांबड्या तीन लाखांच्या आत, असा अंदाज आहे.

आयर्लंडमध्ये मात्र एक नवल घडले. शिकारीमुळे नाहीसा होत चाललेला पाइन मार्टेन हा झाडांवर चढणारा मांसाहारी प्राणी १९७६ च्या कायद्याने संरक्षण मिळाल्यावर पुन्हा वाढला. तो जिथे वाढला, तिथे करडी घटली आणि तांबडी परतली. मोडलेला जुना शेजार पुन्हा जुळला, तेव्हा जंगलानेच वाट काढली.

मी शब्दांत रमणारा माणूस. या खारीला ‘घुसखोर’ म्हणतात, ते मला खटकते. ती पिंजऱ्यातून आणली गेली. समुद्र तिने आपणहून ओलांडला नाही. तांबडीला वाचवण्यासाठी करडीची संख्या कमी करावी लागते, हे मला पटते. पण उपाय करणे वेगळे आणि तिरस्कार करणे वेगळे. प्राण्यावर परजलेला शब्द माणसावर उगारायला वेळ लागत नाही.

आपली पाच पट्ट्यांची खारही १८९८ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात नेली गेली आणि भोवतालच्या वस्तीत पसरली. आपली लाडकी तिथे परकी ठरली!

तेव्हा हौसेने आणलेले लाल कानाचे विदेशी कासव कंटाळा आला म्हणून गावच्या तळ्यात सोडू नका. त्याला तळे मिळेल; पण तळ्यातल्या मूळ रहिवाशांचे काय, हेही आपणच पाहायला हवे.