रात्री तीनचे मेसेज
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आयटीतील करिअर' असा विषय छापला आहे. संयोजकांची परवानगी घेऊन तो बदलते, कारण २०१६ च्या मेळाव्याचा एक हिशेब माझ्याकडे बाकी आहे.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळी जबाबदारी मीच अंगावर घेतली होती. रात्री तीन वाजता ग्रुपवर चाळीस-चाळीस मेसेज टाकायचे. शाळेच्या ग्रंथालयाला पाच लाख देते म्हणून जाहीर केलं. कोणाला न विचारता मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम देऊन टाकली. एक मैत्रीण म्हणाली, "जरा दमानं घे," तर तिला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले. मग ग्रुप सोडला आणि मेळाव्याला आलेच नाही. आयटीच्या पैशाचा माज आलाय, असं काहींना वाटलं. तसं वाटणं साहजिक होतं.

मी तेव्हा आजारी होते. आजाराचं नाव बायपोलर डिसऑर्डर, मराठीत द्विध्रुवी मनोविकार. याच्या एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य. सकाळी हसू, संध्याकाळी रडू, असा हा प्रकार नाही. नैराश्यात आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठवत नाही. उन्मादात झोप तीन तासांवर येते आणि तरी थकवा नसतो. बोलणं, खर्च, योजना, कशालाच लगाम राहत नाही. मधल्या काळात माणूस चारचौघांसारखा कामाला जातो, डबे भरतो.

निदानाला उशीर झाला, त्यात माझाही वाटा होता. मन खचलं की मी डॉक्टरांकडे जायचे, पण चढाच्या दिवसांबद्दल कधी बोललेच नाही. ते दिवस आजाराचे वाटतच नव्हते. हीच खरी मी, असं वाटायचं. अर्धीच माहिती दिल्यावर नैराश्याचं औषध सुरू झालं. बायपोलरमध्ये नुसत्या त्या औषधाने काही जण उन्मादाकडे ढकलले जाऊ शकतात, हे मला फार नंतर कळलं. शेवटी धाकटी बहीण सोबत आली आणि तिने माझे मेसेज आणि बिलं डॉक्टरांपुढे ठेवली. तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं.

आज मी लिथियम घेते. हो, मोबाइलच्या बॅटरीत असतं तेच मूलद्रव्य, पण क्षाराच्या रूपात. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला. औषध जुनं आहे, पण लक्ष मागतं. रक्तातली उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत फार अंतर नसतं. म्हणून रक्त ठरावीक काळाने तपासावं लागतं, सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइडही. आपल्या गावच्या मे महिन्यात तर जास्तच जपावं लागतं. घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. त्यामुळे कडक उपास बंद, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन आणि अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. बरं वाटतंय म्हणून औषध बंद करायचं नाही. ती चूक मी एकदा केली आहे.

पण गोळी एकटी पुरत नाही. सर्व्हर बंद पडायच्या आधी इशारा मिळावा, म्हणून आम्ही त्यावर पाळत ठेवतो. तशी मी रोजच्या झोपेची नोंद ठेवते. बरी असताना नवरा, बहीण आणि मी मिळून एक कागद लिहिला. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली, तर बहीण डॉक्टरांना फोन करेल. दहा हजारांवरचा खर्च नवऱ्याला विचारून. रात्री दहानंतर ग्रुपवर काही लिहायचं नाही. शेवटची ओळ अशी: "त्या वेळी माझ्याशी वाद घालू नका, मीच जिंकेन." आमचा कागद घरगुती आहे, पण उपचारांबद्दलची आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर "मन खंबीर कर" म्हणू नका. झोप कशी आहे ते विचारा, डॉक्टरांकडे सोबत जा आणि चढाचे दिवसही त्यांना सांगा. आपल्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. कोणी मरणाची भाषा केली, तर त्याला एकटं सोडू नका.

मी ग्रुप सोडल्यावर गणिताच्या बाईंचा फोन आला होता. काय झालं, का झालं, काही नाही. एवढंच विचारलं, "जेवलीस का?" दर रविवारी, कितीतरी महिने. बाई, तेव्हा मी नीट उत्तरही देत नव्हते. आज सांगते, जेवते, वेळेवर झोपते.

पाच लाख देणं मला जमणार नाही. झेपेल एवढी रक्कम घरच्यांशी बोलून, दिवसा अकरा वाजता ठरवली आणि आज संयोजकांकडे दिली आहे. आणि जिला सगळ्यांदेखत बोलले, ती मैत्रीण समोर बसली आहे. तिची माफीही सगळ्यांदेखतच मागते.